वाघूरकाठची लंका

मुंबईकडून येणारी गाडी भुसावळच्या अलीकडे साकेगावाजवळ एक पूल ओलांडते. तोपर्यंत प्रवासी सामान आवरायला लागलेले असतात, त्यामुळे पुलाखाली कोणी पाहत नाही. खालची नदी वाघूर. उन्हाळ्यात तर नदी म्हणावे असे तिच्यात काही उरत नाही. पण हीच नदी वर डोंगरात घोड्याच्या नालेसारख्या एका दरीतून वळण घेते आणि त्या वळणावर अजिंठ्याची लेणी आहेत. पुस्तकांत तिला वाघोरा म्हणतात एवढेच. लेण्यांपुढून वाहिलेले पाणी आमच्या दारावरून जाऊन तापीला मिळते. हे आमच्या शाळेतल्या मुलांना ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर आमच्यापैकी निम्म्या शिक्षकांनाही नव्हते.

जामनेर, पहूर, फर्दापूर या रस्त्याने भुसावळहून अजिंठ्याची सहल एका दिवसात होते. आम्ही ती अनेकदा केली आहे. पण एका वर्षी सतराव्या लेण्यात सातवीच्या एका मुलीने असा प्रश्न विचारला की परत आल्यावर आम्हाला पुस्तके उघडावी लागली. हा लेख त्या प्रश्नामुळे लिहिला आहे.

सतराव्या लेण्यात आत गेले की उजव्या हाताच्या भिंतीवर एक फार मोठे चित्र आहे. अजिंठ्यातल्या सर्वांत मोठ्या चित्रांपैकी ते एक. एका जागी उभे राहून ते सगळे दिसत नाही. भिंतीच्या कडेने चालत, मागे-पुढे होत वाचावे लागते. ओळीने पाहत गेलो तर गोष्ट लागत नाही, कारण प्रसंग काळाप्रमाणे मांडलेले नसून जागेप्रमाणे मांडलेले आहेत. बेटावरचे प्रसंग एकीकडे, राजवाड्यातले दुसरीकडे, मग ते आधी घडलेले असोत की नंतर. मुलांना भिंतीचा नकाशा काढून द्यावा आणि प्रसंगांना क्रमांक घालायला सांगावे. अर्धा तास कसा गेला ते कळत नाही.

गोष्ट अशी आहे. सिंहल नावाचा व्यापाऱ्याचा मुलगा पाचशे व्यापारी बरोबर घेऊन समुद्रावर जातो. जहाज फुटते आणि सगळे ताम्रद्वीप नावाच्या बेटाला लागतात. तिथे सुंदर स्त्रिया त्यांचे स्वागत करतात, त्यांच्याशी संसार मांडतात. सिंहलला पुढे एका लोखंडी कोटात कोंडलेली माणसे भेटतात. आधीच्या फुटलेल्या जहाजांवरची ती माणसे त्याला सांगतात की या स्त्रिया राक्षसिणी आहेत, नवे जहाज आले की जुन्या नवऱ्यांना खातात. सुटकेचा मार्ग एकच, बलाह नावाचा उडणारा घोडा. अट एवढीच की त्याच्या पाठीवर बसल्यावर मागे वळून पाहायचे नाही. बाकीचे पाहतात आणि पडतात, एकटा सिंहल घरी पोचतो. त्याची बेटावरची बायको मूल कडेवर घेऊन मागोमाग येते आणि राजाकडे दाद मागते. सिंहल सावध करतो, पण राजा भुलतो आणि तिला राणीवशात ठेवतो. रात्री ती आपल्या सोबतिणींना बोलावते. सकाळी राजवाड्याचे दार उघडत नाही आणि वर गिधाडे घिरट्या घालत असतात. मग लोक सिंहललाच राजा करतात. तो सैन्य घेऊन बेटावर स्वारी करतो, राक्षसिणींना हरवतो, आणि त्या बेटाला पुढे सिंहलद्वीप हे नाव पडते.

सिंहलद्वीप म्हणजे श्रीलंका. भुसावळपासून साठ-सत्तर किलोमीटरवर, समुद्र कधी न पाहिलेल्या डोंगरात, पंधराशे वर्षांपूर्वी कोणीतरी लंकेवरची स्वारी रंगवून घेतली आहे. स्वारीचा भाग चित्रात सर्वांत जोरदार आहे. होड्यांतून हत्ती उतरत आहेत, घोडे आहेत, भाले आणि बाण आहेत. समोर राक्षसिणी आहेत, काही सुळे आणि सुटलेले केस असलेल्या भयंकर, तर काही हात जोडून गयावया करणाऱ्या साध्या बायका.

आमची विद्यार्थिनी त्या हात जोडणाऱ्या बायकांकडे बराच वेळ पाहत होती. तिने विचारले, "सर, ह्या तर आधीपासून तिथंच राहत होत्या ना? मग बेट कोणाचं?"

आम्ही तिला तेव्हा काहीतरी उत्तर देऊन पुढच्या लेण्यात नेले.

घरी आल्यावर पहिला गोंधळ झाला तो चित्राच्या नावावरून. एकोणिसाव्या शतकात या चित्रांच्या नकला झाल्या तेव्हा या भिंतीला नाव मिळाले "विजयाचे लंकेत आगमन". अजिंठ्याच्या नकलांचे नशीबही काही चांगले नाही. रॉबर्ट गिलच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांकडून १८७२ पासून तेरा वर्षे खपून केलेल्या नकलांपैकी कितीतरी १८८५ मध्ये लंडनमध्येच दुसऱ्या आगीत गेल्या. नकला जळाल्या, पण नाव टिकले. जुन्या पुस्तकांत आणि मार्गदर्शकांच्या तोंडी ते अजून भेटते.

पण विजयाची गोष्ट निराळी आहे. ती श्रीलंकेच्या 'महावंस' या पाली बखरीत आहे. सिंहाच्या वंशातला विजय हा उनाड राजपुत्र. प्रजा त्रासली म्हणून बापाने त्याला सातशे साथीदारांसह जहाजात घालून हद्दपार केले. वाटेत ते सुप्पारक बंदरात उतरले. तिथल्या लोकांनी आधी स्वागत केले, पण पाहुण्यांचा धुडगूस पाहून त्यांना पुढे निघावे लागले. सुप्पारक म्हणजे आपले सोपारा, आजचे नालासोपारा. तिथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उकरला आणि अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडाही त्यांना मिळाला. विजय पुढे लंकेला पोचला, तोही बरोबर बुद्धाच्या निर्वाणाच्या दिवशी, असे बखर म्हणते. तिथे कुवेणी नावाची यक्षिणी त्याला भेटली. तिच्या मदतीने त्याने यक्षांना मारले आणि नंतर तिलाच टाकून दिले.

दोन्ही गोष्टींत जहाज आहे, बेट आहे, मायावी बाई आहे आणि शेवटी राज्य आहे. त्यामुळे नावाची चूक होणे स्वाभाविक होते. पण लोखंडी कोट, उडणारा घोडा, राजवाड्यावरची गिधाडे हे सगळे विजयाच्या गोष्टीत नाही. ते 'दिव्यावदान' या संस्कृत बौद्ध ग्रंथातल्या सिंहलाच्या कथेत आहे. ग्रंथ आणि भिंत शेजारी ठेवून पाहिल्यावर शंका उरत नाही. वर्गात पुराव्याविषयी बोलायचे असेल तर यापेक्षा सोपे उदाहरण आम्हाला सापडलेले नाही. कारण इथे चुकीचे नाव देणाऱ्यांनी भिंतीवरचा एक प्रसंग, म्हणजे स्वारी, पाहिला आणि बाकीची भिंत त्याच्यामागे ओढली.

तिसरी गोष्ट आहे फाहियानची. हा चिनी भिक्षू इसवी सन ४१० च्या सुमारास श्रीलंकेत दोन वर्षे राहिला. म्हणजे सतरावे लेणे खोदले जाण्याच्या साधारण अर्धशतक आधी. तो म्हणतो, या बेटावर मुळात माणसे नव्हती, यक्ष आणि नाग होते, आणि निरनिराळ्या देशांचे व्यापारी त्यांच्याशी व्यापार करीत. यक्ष दिसायचे नाहीत. ते माल मांडून त्यावर किंमत लावून ठेवायचे. व्यापारी तेवढी किंमत ठेवून माल उचलायचे. या गोष्टीत युद्ध नाही, लग्न नाही, कोणी कोणाला खात नाही. आम्हाला स्वतःला तीच सर्वांत आवडली. दोनशे वर्षांनी युआन श्वांग आला. तो लंकेपर्यंत पोचला नाही, पण त्याने सिंहाच्या वंशाची आणि व्यापारी सिंहलाची अशा दोन्ही कथा एकापाठोपाठ एक नोंदवून ठेवल्या. एक खरी आणि दुसरी खोटी असे ठरवण्याच्या भानगडीत तो पडला नाही.

एकाच बेटाच्या सुरुवातीच्या इतक्या गोष्टी असल्या तर जमिनीत काय आहे ते पाहायला हवे.

श्रीलंकेची जुनी राजधानी अनुराधपूर. तिथल्या कोटाच्या आत शिरान देरणियगल यांनी १९६९ पासून आणि पुढे १९८० च्या दशकात खोल खड्डे घेतले. बखरीप्रमाणे विजयाचे आगमन इसवी सनापूर्वी ५४३ मधले. दुसऱ्या हिशेबाने ते आणखी साठेक वर्षे अलीकडे येते. पण खड्ड्यांच्या तळाशी त्याच्या तीनचारशे वर्षे आधीची, म्हणजे इसवी सनापूर्वी ९०० च्या सुमाराची वस्ती सापडली. लोखंड वापरणारी, भात पिकवणारी, घोडे बाळगणारी वस्ती. भांडी काळी-तांबडी, दक्षिण भारतातल्या महापाषाणयुगीन भांड्यांच्या नात्यातली. त्याहीपूर्वीची माणसे बेटाच्या नैऋत्येच्या पावसाळी रानातल्या गुहांत राहत होती. तिथल्या फाहियान गुहेतून मिळालेली हाडांची टोके सुमारे ४८ हजार वर्षांपूर्वीची असून ती बाणांची असावीत, असा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. (गुहेला त्या भिक्षूचे नाव स्थानिक दंतकथेमुळे पडले आहे, त्याचा या हाडांशी संबंध नाही.)

तेव्हा मुलीच्या प्रश्नाचे उत्तर असे की हो, तिथे आधीपासून माणसे राहत होती. ती नांगरत होती, लोखंड ठोकत होती, पाऱ्यावर शिकार भाजून खात होती असे म्हणायला पुरावा नसला तरी शिकार करीत होती हे नक्की. गोष्ट ज्यांनी लिहिली त्यांच्या लेखी ती यक्ष आणि राक्षस ठरली, एवढेच. सातपुड्याच्या पायथ्याच्या यावल-रावेरकडच्या शाळांत शिकवणाऱ्यांना हे अधिक फोड करून सांगायला नको. वर्गात तडवी आणि पावरा मुले समोर बसलेली असताना रानातल्या राक्षसांच्या गोष्टी सांगणाऱ्याची जीभ क्षणभर अडखळते.

श्रीलंकेत ही गोष्ट नुसती गोष्ट राहिली नाही. बेट पहिल्यांदा कोणी वसवले या वादात महावंसातली पाने राजकारणात ओढली गेली. १९८१ मध्ये जाफन्याचे ग्रंथालय जाळले गेले. १९८३ ते २००९ तिथे यादवी चालली. सगळा दोष एका बखरीवर टाकणे बरोबर नाही. पण बखर कशी वाचू नये याचे उत्तर त्या सव्वीस वर्षांत आहे.

म्हणून महावंस फेकून द्यावा काय? मुळीच नाही. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी उलगडली तेव्हा शिलालेखांतला राजा स्वतःला 'देवांचा प्रिय पियदसी' म्हणवत होता. हा कोण हे भारतात कोणालाच सांगता येईना. उत्तर लंकेतून आले. तिथे नोकरीला असलेल्या जॉर्ज टर्नर यांनी पाली बखरी वाचताना दाखवून दिले की पियदसी हे अशोकाचे नाव आहे. प्रत्यक्ष 'अशोक' हे नाव असलेला लेख कर्नाटकात मस्की येथे सापडायला १९१५ साल उजाडले. म्हणजे विजयाच्या बाबतीत दंतकथा सांगणारी परंपरा अशोकाच्या बाबतीत विश्वसनीय ठरली. बखरकार आपल्या काळाच्या जितका जवळ येतो तितका त्याच्यावर भरवसा ठेवता येतो, असा ढोबळ नियम दिसतो. पण तोही प्रत्येक पानावर तपासावाच लागतो.

पाट्या चुकण्याचा प्रकार तिथल्या अवशेषांतही झाला आहे. अनुराधपूरला जेतवन आणि अभयगिरी असे दोन प्रचंड विटांचे स्तूप आहेत. एकोणिसाव्या शतकात त्यांची नावे चक्क एकमेकांना लावली जात होती. जेतवन स्तूप महासेन राजाने तिसऱ्या शतकाच्या अखेरीस सुरू केला. मूळ उंची सुमारे १२२ मीटर, विटा नऊ कोटींहून अधिक. त्याच्या काळी गिझाचे दोन पिरॅमिड सोडले तर जगात त्याच्याहून उंच इमारत नव्हती. आज तो सत्तरेक मीटर उरला आहे.

आता काळाची एक गंमत पाहा. सतरावे लेणे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातले. महावंस जवळजवळ याच काळात, पाचव्या शतकाच्या अखेरीस किंवा सहाव्याच्या सुरुवातीस, अनुराधपूरला रचला गेला. आणि त्याच दशकांत लंकेत धातुसेन राज्य करीत होता. अजिंठ्याचा चित्रकार राक्षसिणींचे बेट रंगवत होता तेव्हा खऱ्या बेटावर काय चालले होते? तिथे कालवे खोदले जात होते.

धातुसेनाने कलावेव हा तलाव बांधला आणि त्याचे पाणी जयगंगा नावाच्या कालव्याने ८७ किलोमीटरवरच्या अनुराधपूरला नेले. या कालव्याच्या पहिल्या २७ किलोमीटरमध्ये उतार आहे दर किलोमीटरला सुमारे १० सेंटिमीटर. म्हणजे दहा हजारांत एक. शाळेच्या व्हरांड्यात दहा मीटर अंतर आखून घ्या. त्याच्या दुसऱ्या टोकाला जमीन फक्त एक मिलिमीटर खाली हवी. गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक नळी घेऊन मुलांना हा फरक मोजायला सांगा. मोजता येत नाही असे लक्षात आले की कालव्याची किंमत कळते. आणि हे काम दुर्बिणीशिवाय, बहुधा पाणी सोडून त्याच्याच वागण्यावरून, डोंगरउताराच्या कडेने केलेले आहे. आपल्या धुळे जिल्ह्यात पांझरेवर फड पद्धत आहे. तिथेही बंधारा, पाट, फड यांतून पाणी केवळ उताराने फिरते, आणि पाटकरी व जागल्या ते राखतात. तिचा व्याप लंकेच्या मानाने लहान, पण पाण्याला उतारावर हळू चालवायचे ही अक्कल तीच.

धातुसेनाचा शेवट वाईट झाला. मुलगा कश्यप याने राज्य हिसकावले आणि बापाला दडवलेला खजिना दाखव म्हणून छळले. बखर सांगते की धातुसेनाने त्याच्या माणसांना कलावेवाच्या काठी नेले आणि ओंजळीत पाणी घेऊन हाच माझा खजिना असे सांगितले. कश्यपाने त्याला मारले. नंतर भावाच्या भीतीने म्हणा किंवा हौसेने म्हणा, कश्यप ४७७ ते ४९५ या काळात सिगिरिया नावाच्या जवळजवळ दोनशे मीटर उंच खडकावर राजवाडा बांधून राहिला. त्या खडकाच्या एका खोबणीत ढगांतून वर आलेल्या स्त्रियांची चित्रे आहेत. जेमतेम वीसेक उरली आहेत.

अजिंठा पाहिलेल्या माणसाला सिगिरियातल्या त्या स्त्रिया अनोळखी वाटत नाहीत. बोटांची ठेवण, अर्धवट मिटलेले डोळे, फुले धरण्याची तऱ्हा ओळखीची आहे. फरकही आहे. अजिंठ्यात अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून आलेल्या लाजवर्द दगडाचा निळा रंग आहे. सिगिरियात तांबडा, पिवळा, हिरवा एवढेच. दोन्हीकडे माती, तूस आणि चुना यांच्या गिलाव्यावर काम झाले आहे, आणि दोन्हीकडे माणसाने नासधूस केली आहे, कधी द्वेषाने, कधी प्रेमाने. १९६७ मध्ये सिगिरियाच्या चित्रांवर कोणीतरी रंग फासला, तो मोठ्या कष्टाने काढावा लागला. अजिंठ्यात १९२० ते १९२२ मध्ये निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन कारागिरांनी चित्रे टिकावीत म्हणून लाखेचे रोगण दिले. पुढे तेच पिवळे पडले आणि चित्रे काळवंडली.

उरतो एक प्रश्न. हे चित्र इथे कोणी काढवून घेतले? व्हरांड्याच्या भिंतीवर त्याचा शिलालेख आहे, बराच फुटलेला. त्यात दहा-एक पिढ्यांच्या एका राजघराण्याची नावे आहेत. हे राजे हरिषेणाचे मांडलिक. त्यांचा मुलूख म्हणजे ऋषिक देश, आणि ऋषिक म्हणजे खानदेश, असे वा. वि. मिराशी यांनी मांडले. ते आपण मान्य केले तर लंकेची ही गोष्ट भिंतीवर आणणारा दाता आमच्याच भागातला राजा ठरतो. समुद्र पाहिलेला असो वा नसो, सोपारा-भडोचकडून येणारे व्यापाऱ्यांचे तांडे त्याच्या मुलुखातून जात असणार. त्यांच्याकडून त्याने ही कथा ऐकली की भिक्षूंनी निवडून दिली हे लेख सांगत नाही.

लेख दुसरेच सांगतो. कृष्णदास राजाला दोन मुले होती. दोघांनी मिळून शत्रूंना जिंकले. मग धाकटा, रविसांब, अकाली मेला. थोरल्याचे मन संसारातून उडाले आणि त्याने आपले धन विहारांत आणि स्तूपांत घातले. भावाच्या शोकात कोरवलेल्या या लेण्यात पाण्याचे एक टाकेही आहे, आणि लेखात त्याचा आवर्जून उल्लेख आहे. पुढच्या सहलीला आम्ही मुलांना आधी हा लेख दाखवला, मग भिंत. तीच मुलगी आता आठवीत होती. तिने थोरल्या भावाचे नाव विचारले. ते सांगता येत नाही. धाकट्याचे नाव वाचता येते, थोरल्याचे जिथे होते तिथला दगड निघून गेला आहे.